लीलाधरभाऊंचं इंजिन

सत्तर.

काटा सत्तरावर चढला, जरा थरथरला, आणि सरकारी खिडकीशी पोहोचलेला माणूस जेवणाच्या सुट्टीची पाटी वाचून थबकतो तसा तिथेच थबकला. नूतनने वहीत लिहिलं: साडेदहा, सत्तर. त्याच्या वर लिहिलेलं होतं, दहा, सत्तर. त्याच्याही वर, साडेनऊ, एकोणसत्तर. तासाभरात एक अंश ही प्रगती म्हणायची तर म्हणता आली असती, पण नूतन धुळ्याच्या कॉलेजात ग्रंथपाल होती आणि स्वतःची फसवणूक करण्याइतकं तिने कमी वाचलेलं नव्हतं.

वस्तू काय होती ते एकदा सांगून टाकलेलं बरं. जळगावच्या मधुबन कॉलनीत, चौधरींच्या परसात, आग्नेय कोपऱ्यात, एक आडवं लोखंडी पिंप चार पायांवर उभं होतं. पिंपाच्या एका टोकाला ट्रंकेएवढी पेटी. तिच्यात कोळसा पेटवायचा. दुसऱ्या टोकाला धुराडं. वर झाकण, आणि आतलं तापमान दाखवणारा काटा. पेटीतली धग धुरासकट पिंपातून वाहत जाऊन धुराड्यातून बाहेर पडते, आणि वाटेत पिंपात जे ठेवलं असेल ते सावकाश, न करपता, धुराचा वास घेत शिजतं. ह्याला स्मोकर म्हणतात. अमेरिकेत ह्यात गाईच्या छातीचं मांस बारा-बारा तास शिजवतात. जामनेरच्या शाळेत एकतीस वर्षं शास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या लीलाधर चौधरींनी ते मोबाइलवर पाहिलं. त्यांच्या घरात कधी अंडंही आलं नव्हतं. ते बघून त्यांच्या मनात एकच शब्द आला: वांगी.

त्यांनी ते धुळ्याच्या एका मिस्त्रीकडून वेल्डिंग करून आणवलं आणि कॉलनीने पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं. भुसावळ जवळ असल्यामुळे आमच्याकडे धुराडं असलेल्या कुठल्याही आडव्या वस्तूला इंजिनच म्हणतात.

गेल्या जानेवारीत भाऊंनी (त्यांना सगळी कॉलनी भाऊ म्हणायची, आणि पोरंही तेच म्हणायची) चाळीस माणसांना रविवारच्या भरिताला बोलावलं. खानदेशात हिवाळ्यात भरिताला बोलावणं ह्यात नवल नाही. नवल हे, की वांगी पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, भाजायची नव्हती. सकाळी आठला बामणोदची अठरा किलो वांगी इंजिनात गेली. अकराला बघितली, हिरवी. एकला बघितली, हिरवीच, फक्त घाम फुटलेली. तीन वाजता समोरच्या कुंदाबाईंनी पदर खोचला, मागच्या मोकळ्या प्लॉटवर पऱ्हाटीचा जाळ केला आणि वीस मिनिटांत सगळी वांगी काळी करून दाखवली. माणसं चार वाजता जेवली आणि जेवताना इतकी हसली की दोघांना ठसका लागला. भाऊही हसले. त्यानंतर बाराव्या दिवशी ते झोपेत गेले.

भेटायला येणारी माणसं पांढऱ्या चादरीवर बसत, पाणी पीत आणि म्हणत, "माणूस लाखाचा होता हो. फक्त वांगी कच्ची राहिली." बहात्तर वर्षांचं आयुष्य, शिकवलेली तीन-चार हजार पोरं, आणि कॉलनीने त्याचा गोषवारा काढला तो अठरा किलो वांग्यांत. दहाव्याला म्हणाले, तेराव्याला म्हणाले. दिवाळीला फराळ द्यायला येऊन म्हणाले.

नूतनला, त्यांच्या मुलीला, हे एक वाक्य पुसायचं होतं. बाकी तिचं कुणाशी काही भांडण नव्हतं.

वर्षश्राद्ध शनिवारी होतं. श्राद्धाला वांगं चालत नाही, म्हणून रविवार धरला. तीच चाळीस माणसं, तेच इंजिन, त्याच गावची वांगी. काटा एकशे दहाच्या वर गेला की वांगी शिजतात, एवढं तिने वाचून काढलं होतं. हाताशी तीन आठवडे होते. आणि नाशिकला राहणाऱ्या तिच्या भावाने, हितेंद्रने, त्या रविवारनंतरच्या सोमवारी सकाळी दहाला भंगारवाल्याला बोलावून ठेवलं होतं.

"भाऊंचं ऐकलं नाही ह्या इंजिनाने," आई म्हणाली, "तुझं ऐकणार आहे?"

आई, म्हणजे कमलबाई, ह्या विषयावर इतकंच बोलत आणि निवडायला घेतलेली मेथी पुढे ओढत.

काटा सत्तरावर थांबल्याची बातमी पहिल्याच शनिवारी कुंपणापलीकडे गेली आणि कुंपणावरून पंडितनाना आले. पंडितनाना पाटबंधाऱ्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीत त्यांनी तीन बंधारे बांधले होते आणि त्यांतल्या दोनांत पाणीही थांबत असे. त्यामुळे जे वाहतं आणि जे वाहत नाही अशा कुठल्याही गोष्टीवर त्यांचा अधिकार होता.

"कोळसा ओला आहे," पेटीकडे न बघताच ते म्हणाले.

कोळसा वर्षभर मोरीतल्या फडताळात होता, तेव्हा शंका रास्त होती. नूतनने दोन पोती कोळसा गच्चीवर पसरला. दोन दिवस उन्हात ठेवला. तिसऱ्या दिवशी गच्चीच्या पांढऱ्या फरश्यांवर जो नकाशा उमटला तो अजून गेलेला नाही. काटा बहात्तरावर गेला.

"मग काटा खोटा आहे," नाना म्हणाले.

काटा पिंपातून काढून उकळत्या पाण्यात बुडवला. त्याने शंभर दाखवले. पुन्हा बुडवला, पुन्हा शंभर. म्हणजे काटा प्रामाणिक होता. सबंध कॉलनीत ह्याबाबतीत तो एकटाच असावा असं नूतनला वाटलं, पण बोलणं हा तिचा स्वभाव नव्हता. ग्रंथालयात बावीस वर्षं ओठांवर बोट ठेवून 'शू' म्हणण्यापलीकडे तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि गेल्या जानेवारीत घरात माणसांचा नुसता कल्लोळ असताना चहा किती टाकायचा हे तीच हळू आवाजात सांगत होती.

दुसऱ्या शनिवारी कुंदाबाई आल्या. त्या येताना रिकाम्या हातांनी येत नाहीत. ह्या वेळी परातभर मळलेली कणीक घेऊन आल्या.

"अवं नूतन, धग पळून जाते माय. हे पाह्य, इथून धूर निघून र्‍हायला, तिथून निघून र्‍हायला. फटा बुजव आधी."

"कुंदाअक्का, थोडी हवा लागते म्हणतात आगीला."

"कोण म्हनतं?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तकात वांगे भाजतं का कोणी?" असं म्हणून त्यांनी बैठक मारली.

कुंदाबाईंनी झाकणाच्या कडेला कणीक थापली, पेटीच्या दाराला थापली, सांध्यासांध्यांत अंगठ्याने दाबली. कणीक उरली म्हणून पेटीच्या तळाशी एक लांबट खाच होती तीही बुजवली, आणि उष्णता वर पळते हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही असं सांगून धुराड्यावर तेलाच्या डब्याचं झाकण उपडं घातलं. पुरणपोळीलाही त्यांनी कधी इतकं निगुतीनं सारण भरलं नसेल. पाऊण तासाने काटा पंचावन्नावर आला. कणीक मात्र सुरेख भाजली गेली. बाहेरून खरपूस, आतून मऊ. शेजारच्या कुत्र्याने ती आवडीने खाल्ली. त्या इंजिनातून आजवर निघालेला तो पहिला शिजलेला पदार्थ होता.

"पाह्यलं?" कुंदाबाई म्हणाल्या. "मशीनमध्येच खोट शे."

लेवा पाटलांच्या कुंदाबाई रागावल्या की माहेरची अहिराणी बोलतात. त्या रागावल्या होत्या ह्याचं नूतनला आश्चर्य वाटलं. कारण इंजिन तिचं होतं, कोळसा तिचा होता, आणि कुत्र्याने खाल्लेली कणीक सोडता नुकसानही सगळं तिचंच होतं.

सोमवारी धुळ्याला परतल्यावर कॉलेज सुटताच ती जुन्या आग्रा रोडच्या मागे सरदार मिस्त्रींकडे गेली. भाऊंचं इंजिन ह्यांनीच वेल्ड केलेलं. साठीचे, बारीक, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांनी आधी खुर्ची पुसली, मग भाऊ गेल्याचं ऐकून पुन्हा एकदा पुसली.

"दोन वेळा फोन आलता त्यांचा," मिस्त्री म्हणाले. "गरम होत नाही म्हणे. मी म्हटलं, भाऊ, इथे घेऊन या, देखतो. ते म्हणे, कोपऱ्यातून निघत नाही. कोणता कोपरा, ताई?"

नूतनने मोबाइलवरचा फोटो दाखवला. मिस्त्रींनी तो मोठा केला, लहान केला, चष्मा काढून बघितला.

"पेटीच्या खाली मी हवेला जागा ठेवलीय. चार बोटं उंच, हातभर लांब. ती कुठे आहे?"

"भिंतीकडे."

"भिंतीपासून किती?"

"दोन बोटं."

"हे तर नाक भिंतीला टेकवून उभं केलंय!" मिस्त्री म्हणाले. "आग काय खाते, ताई? हवा खाते. कोळसा तर नुसतं निमित्त. माणसाला असं नाक दाबून ठेवलं तर माणूस पण थंड..." आणि मग ते थांबले. "माफ करा. माझ्या तोंडातून निघून गेलं."

"नाही, बरोबर बोललात," नूतन म्हणाली. वर्षभरात तिच्याशी इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं. "पुढे सांगा."

मिस्त्रींनी बोटांवर मोजून सांगितलं. कोळसा आधी बाहेर लालभडक करायचा, मग पेटीत घालायचा. खालची राख दर तासाला ओढायची, नाहीतर आग गुदमरते. धुराडं पूर्ण उघडं. "आणि झाकण उघडायचं नाही. एकदा उघडलं की पंधरा मिनिटं गेली समजा. आत गरम भरायला वेळ लागतो, निघायला नाही लागत." मग त्यांनी विचारलं, "पण असं उलटं लावलं कुणी? भाऊ तर शिकलेले माणूस."

उलटं लावलं होतं पंडितनानांनी. वास्तुशास्त्राप्रमाणे अग्नी आग्नेयेला. पिंप आग्नेयेला ठेवून भागत नाही, प्रत्यक्ष पेटी आग्नेयेला हवी, म्हणून नानांनी होकायंत्र आणून, उकिडवं बसून, पेटी अगदी कोपऱ्यात घुसवून घेतली होती. शास्त्राच्या मास्तरांनी शेजाऱ्याचा मान राखला आणि अग्नीने दिशेचा मान राखून प्राण सोडला.

उपाय सोपा होता. इंजिन फिरवायचं, पेटी बाहेर, धुराडं कोपऱ्यात. चार माणसांचं आणि दहा मिनिटांचं काम. फक्त फिरवताना त्याचे दोन पाय दीड फूट पलीकडे, गटाराच्या झाकणावर येणार होते, आणि गटाराचं झाकण सोसायटीचं होतं.

सोसायटीचे सेक्रेटरी नवीन कोल्हे बँकेत होते आणि घरीही टेबलाच्या पलीकडेच बसत.

"अर्ज करा ताई. अर्जदार कोण?"

"मी."

"यंत्र कुणाच्या नावावर आहे?"

"यंत्र कुणाच्या नावावर नसतं, नवीनभाऊ."

"असतं. गेल्या वर्षी धुराची तक्रार आली तेव्हा रजिस्टरला घेतलंय आपण." त्यांनी रजिस्टर उघडून वाचलं. "'भट्टी, नग एक. मालक, श्री. लीलाधर चौधरी.' मालकाची सही लागेल."

"ते गेले ना."

"हो, वाईटच झालं."

"तुम्ही खांदा दिला होता त्यांना."

"ते मला व्यक्तिशः माहीत आहे," नवीनभाऊ समजुतीने म्हणाले. "सोसायटीला अजून लेखी कळवलेलं नाही कुणी."

म्हणून नूतनने सोसायटीला लेखी कळवलं. मृत्यूचा दाखला, तीन प्रती. आईचं ना-हरकत पत्र. हितेंद्रचं ना-हरकत पत्र, कारण मुलगा असताना मुलीने अर्ज केला तर पुढे प्रश्न येऊ शकतो. कुणाला प्रश्न येऊ शकतो ते नवीनभाऊंनी सांगितलं नाही. हितेंद्र फोनवर हसायला लागला. "दीड फूट फिरवायला एवढे कागद? मग सोमवारी भंगारवाला गेटबाहेर नेणार, त्याला किती लागतील?"

नूतनने हा प्रश्न नवीनभाऊंना विचारला.

"भंगारात काढायला परवानगी लागत नाही, ताई," ते म्हणाले. "चालू ठेवायचं असेल तरच लागते."

त्यापुढच्या मंगळवारी समितीची सभा झाली. तीत पंडितनानांनी हरकत घेतली: अग्नी आग्नेयेतून हलला तर ब्लॉक तीन ते सातपर्यंत परिणाम होतात. चर्चा तासभर चालली. शेवटी नानांनीच तोड काढली. धूर हाही अग्नीचाच अंश असल्यामुळे धुराडं आग्नेयेला असलं तरी शास्त्रार्थाला बाध येत नाही. ठराव मंजूर झाला. 'सदर भट्टी एकदाच, एकशे ऐंशी अंशांत, फिरवण्यास परवानगी.' जिच्या वाट्याला आजवर बहात्तरच्या वर अंश आले नव्हते तिला समितीने एकदम एकशे ऐंशी दिले.

गुरुवारी नूतनने कॉलेजात रजा टाकली आणि इंजिन फिरलं. शुक्रवारी दुपारी, सगळी कॉलनी झोपलेली असताना, नूतनने एकटीने कोळसा लाल केला, पेटीत घातला, राख ओढली आणि वही घेऊन पाटावर बसली. ऐंशी. पंच्याण्णव. एकशे सात. सव्वातीनला काटा एकशे सोळावर गेला आणि तिथे निवांत बसला, जणू काही त्याचं राहण्याचं ठिकाण पहिल्यापासून तेच होतं. नूतनने आकडा लिहिला. पेन्सिलीचं टोक तुटेपर्यंत त्याच्याखाली रेघा ओढल्या. कुणाला काही सांगितलं नाही.

शनिवारी श्राद्ध झालं. भटजी वेळेवर आले आणि वेळेआधी गेले. हितेंद्रने पिंड दिले. कावळा लगेच शिवला, तेव्हा भाऊंची कुठली इच्छा राहिलेली नसावी असं सगळ्यांनी मान्य केलं. नूतनला कावळ्याच्या माहितीबद्दल शंका होती.

रविवारी साडेनऊला वांगी इंजिनात गेली. अठरा किलो, तेलाचा हात फिरवलेली, काट्याने टोचलेली. काटा एकशे सोळा. नूतनने हिशेब केला होता, बारापर्यंत वांगी, साडेबाराला लाकडाच्या बडगीत कुटायची, एकला पानं. तिने दोन जाड साड्यांच्या वजनाइतका संयम अंगावर घेतला आणि उभी राहिली.

दहाला पाहुणे यायला लागले. पहिले पंडितनाना. ते सरळ इंजिनाशी गेले.

"फक्त रंग बघतो," म्हणाले, आणि झाकण उघडलं.

गरम वाफेचा ढग वर गेला. नानांनी रंग बघितला. बाजूच्या दोघांना बोलावून त्यांनाही दाखवला. झाकण लागलं तेव्हा काटा सत्त्याण्णव होता. नूतनला सांगायचं होतं. पण नाना वडिलांच्या वयाचे, आणि तिच्याच दारात आलेले पाहुणे. "बघा ना," ती म्हणाली.

मग नवीनभाऊंनी समितीतर्फे पाहणी म्हणून उघडलं. कुंदाबाईंनी उघडून एका वांग्यात बोट खुपसलं. त्यांची सून डिंपल मोबाइलवर सगळं टिपत होती. बोट खुपसल्याचं दृश्य नीट आलं नाही म्हणून कुंदाबाईंनी पुन्हा उघडून पुन्हा खुपसलं. ब्लॉक सातच्या चौघांनी 'आम्ही आत्ताच आलो' ह्या कारणास्तव उघडलं. हितेंद्रने उघडलं, कारण घर त्याचंही होतं. ह्या गावात लग्नाला गेलं की आधी स्वयंपाकघरात डोकावतात, बाळ बघायला गेलं की त्याच्या तोंडावरचं दुपटं काढतात, नवं घर बघायला गेलं की कपाटं उघडतात. झाकलेली वस्तू न बघता परत जाणं हा इथे यजमानाचा अपमान समजतात. दर वेळी नूतन म्हणत राहिली, बघा, बघा ना, आणि वहीत लिहीत राहिली. ब्याण्णव. शहाऐंशी. एक्क्याऐंशी. साडेअकरा, शहात्तर. आतली वांगी हिरवी होती आणि त्यांना घाम फुटला होता.

खुर्च्यांवरून आधी कुजबुज आली, मग एक हसू. कुंदाबाई जवळ आल्या. त्यांनी नूतनच्या पाठीवर हात ठेवला. त्या हातात खरी माया होती, तीच जास्त लागली.

"घाबरू नको माय. मागं पऱ्हाटी आनून ठेवलीय मी. कालच. म्हटलं, लागनारच."

आणि त्याच वेळी पंडितनाना म्हणाले, "एकदा बघून तर घेऊ," आणि त्यांनी झाकणाच्या दांडीवर हात ठेवला.

"हात काढा!"

हे कोण ओरडलं म्हणून सगळ्यांनी मागे बघितलं. नूतननेही बघितलं असतं, पण आवाज तिच्याच घशातून निघाला होता आणि तो थांबत नव्हता.

"नाना, हात काढा म्हणते ना! कुणीही उघडायचं नाही! वर्षभर ऐकते आहे मी. दहाव्याला कच्ची, तेराव्याला कच्ची, दिवाळीच्या चकल्या खाताना कच्ची! एक झाकण आणि चाळीस माणसं! तुम्हीच उघडून उघडून कच्ची ठेवलीत, आणि नाव त्यांचं झालं! माणूस गेला माझा! आणि तुम्हाला काय आठवतं, तर वांगी!"

डिंपलने मोबाइल खाली केला. एवढं सगळं होऊन नूतनच्या तोंडून सवयीने शेवटी "शू" निघालं. कुणी बोलत नसताना.

माणसं एकेक करून पुढच्या अंगणात गेली. पाठ करून खुर्च्यांवर बसली. नूतन इंजिनापाशी पाट टाकून बसली, पहारेकऱ्यासारखी. तिने राख ओढली, चार लाल कोळसे घातले. ऐंशी. नव्वद. पावणेएकला एकशे बारा. दीडला तिने स्वतः झाकण उघडलं तेव्हा वांगी आपल्याच वजनाने खाली बसली होती, साल सुरकुतलेली, आत लोण्यासारखी, आणि वास असा की पुढच्या अंगणातल्या पाठी आपसूक वळल्या.

भरीत बडगीत कुटलं गेलं. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. पानं बसली ती मुकाट. रुसलेल्या माणसाला भूक लागत नाही असं ज्याला वाटतं त्याने खानदेशी माणूस रुसलेला बघितलेला नाही. तिसऱ्यांदा वाढून घेताना पंडितनानांनी ताट पुढे केलं, पण मान वळवून.

हात धुताना कुंदाबाई बोलल्या. नूतनला ऐकू जाईल असं, पण तिच्याशी नाही.

"भरीत बेस झालं. नाव ठेवता येनार नाई. पन लीलाधरभाऊ असे नव्हते बाप्पा. कच्चं खाऊ घातलं, पन कोनाले हड् नाई म्हटलं त्या मानसानं."

"भाऊ म्हणजे भाऊच होते," नवीनभाऊ म्हणाले.

"देवमाणूस," पंडितनाना म्हणाले, भिंतीकडे बघून.

म्हणजे वाक्य पुसलं गेलं होतं. तीन आठवडे, दोन पोती कोळसा आणि मृत्यूच्या दाखल्याच्या तीन प्रती खर्चून नूतनला जे हवं होतं ते मिळालं होतं. त्यासाठी इंजिन तापायची गरज नव्हती, ती स्वतः तापली तेवढं पुरलं. आता पुढची दहा वर्षं कॉलनी तिच्याबद्दल बोलणार होती. ती मागे गेली आणि पाटावर बसली. हात काळे होते, घसा दुखत होता.

आई आली. पदराला हात पुसत इंजिनासमोर उभी राहिली.

"गेल्या वर्षी सगळ्यांत जास्त वेळा मीच उघडलं होतं," ती म्हणाली.

"तू?"

"दर दहा मिनिटांनी. शिजतायत की नाही म्हणून जिवाला घोर. मला काय ठाऊक."

"आणि भाऊंना?"

"त्यांना ठाऊक नसायला काय झालं? शास्त्र शिकवत होते. मला हळूच म्हणाले, अगं, दर वेळी धग जाते बघ. मी म्हटलं, मग सांगा ना ह्या सगळ्यांना, उघडू नका म्हणून." आईने इंजिनाच्या पाठीवरची राख बोटाने पुसली. "तर म्हणाले, असं कसं? बघायलाच तर बोलावलंय."

पुढच्या अंगणात चपला शोधण्याची गडबड ऐकू येत होती. नूतन उठली, हात तसेच काळे घेऊन पुढे गेली आणि पायरीवर उभी राहिली. दोघं-तिघं मागे सरकले.

"नाना," ती म्हणाली. "कुंदाअक्का. नवीनभाऊ. जायच्या आधी आत बघून जाता का?"

"आत काय आहे आता?" नानांनी विचारलं.

"काही नाही."

एका पायात चप्पल घातलेले पंडितनाना क्षणभर विचारात पडले. मग त्यांनी चप्पल काढली.

नूतनने झाकण पूर्ण उघडून मागे टेकवलं. एकामागून एक सगळे आले आणि रिकाम्या पिंपात वाकून बघू लागले, अगदी गंभीरपणे, जणू पूर्वी कुणी त्यांना दाखवलंच नव्हतं. नाना म्हणाले, जाळी दोन इंच खाली हवी. ब्लॉक सातवाले म्हणाले, वर हवी. कुंदाबाईंनी आत हात घातला, "अगं माय वं!" करून बाहेर काढला, फुंकर घातली आणि पुन्हा घातला. डिंपलने मोबाइल काढावा की नाही म्हणून नूतनकडे बघितलं, नूतनने मान डोलावली. हितेंद्रचा फोन वाजत होता. भंगारवाला सोमवारची वेळ विचारत असावा. त्याने नाव बघितलं, फोन खिशात टाकला आणि नानांच्या खांद्यावरून आत डोकावला.

काटा भराभर उतरत होता. धग सगळ्यांच्या तोंडावर येऊन वर आभाळात जात होती, आणि कुणी घरी जायचं नाव काढत नव्हतं.